संदीपचा पडदा पांढरा का केला?

अन्याय संदीपवर झाला. २००६ साली, दसऱ्याची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळचा चहा यायच्या आधी, राजारामपुरीत वेबसाइट तयार करणाऱ्या एका ऑफिसात झाला. अन्याय काय, तर तो कॉम्प्युटरवर ज्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या खिडकीत, कोड लिहायचा, त्या एडिटरचा निळा रंग काढून पांढरा करण्यात आला. वाचणाऱ्याला हसू आलं असेल तर त्यानं हसून घ्यावं. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, कुठल्या ओळीला लोक हसतात ते मला कळतं. हसून झालं की पुढचं वाचावं.

आता तुझ्याशी बोलते, संदीप.

तू गेलास त्याला अजून महिना झाला नाही आणि तुझ्या जुन्या ऑफिसच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये तू, खाली ऑफिसचं नाव, तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. फोटो आयकार्डावरचा, त्यात तू कुणीतरी ‘हलू नको’ म्हटल्यासारखा बघतोस. आणि फोटोमागचा रंग गडद निळा. मी रिक्षातून उतरले आणि तिथंच उभी राहिले. जिवंतपणी तुझ्या पडद्यावर जो रंग खपला नाही, तो मेल्यावर तुझ्या डोक्यामागं कसा काय खपला? ह्यात प्रेम किती, जाहिरात किती आणि उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून आधीच घातलेलं पांघरूण किती, ते मला कळेना. तू असतास तर म्हणाला असतास, “तुला फ्लेक्सचा पण संशय येतो व्हय?” येतो.

आपली ओळख वसतिगृहामुळं झाली. मुलींच्या वसतिगृहाची जागा दुकानगाळ्यांना द्यायचं घाटत होतं आणि आम्ही दहा-बाराजणं त्याविरुद्ध पत्रकं वाटत होतो. कुणीतरी म्हणालं, आता वेबसाइट पाहिजे, बाहेरगावी गेलेल्या जुन्या मुलींपर्यंत पत्रक पोचत नाही. अण्णांच्या सायबर कॅफेत एक पोरगा ऑफिस सुटल्यावर येऊन बसतो, तो करून देईल. तो तू. मी माझं पत्रक तुझ्यापुढं आपटलं आणि सांगितलं, हे असंच्या असं टाक, लाल रंगात, आणि वरची मागणी पळती ठेव.

“पळती म्हंजे?”

“म्हणजे इकडून तिकडं जाणारी. सगळ्यांच्या साइटवर असते तशी.”

“घोषणा पळाय लागली की वाचणारा पण पळतो, पुढारीणबाई.”

तेव्हापासून मी तुझी पुढारीणबाई. मला राग यायचा आणि तू त्यासाठीच म्हणायचास.

पहिल्या दिवशी तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. नुसते फोल्डर केलेस. एक चित्रांसाठी, एक रंग आणि अक्षरांच्या फाइलीसाठी, वरच्या पट्टीची फाइल वेगळी, खालच्या पट्टीची वेगळी. मी म्हटलं, एक पान लिहायला एवढी मांडामांड कशाला? तू म्हणालास, “आज एक पान हाय. उद्या तुझ्या मागण्या वाढणार. मागणी बदलली तर एका जागी बदलायची आन ती सगळ्या पानांवर बदलली पायजे.” मला ते पटलं, कारण त्याच आठवड्यात आम्ही सभेची वेळ चुकली म्हणून पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन एकेक दुरुस्त करत बसलो होतो. मग तू रंगांची फाइल उघडून दाखवलीस. “मजकूर मजकुराच्या जागी. रंग रंगाच्या जागी. एकमेकांत मिसळायचं न्हाय. उद्या कुणाला लाल नको वाटला तर मजकुराला धक्का न लागता काढता आला पायजे.”

“लाल नको वाटणारे आहेत कोण?” मी विचारलं.

“बघ, हितंच तुझं भांडण सुरू झालं,” तू म्हणालास आणि कामाला लागलास. मला तेव्हा वाटलं, हा माणूस सगळ्याच गोष्टींतून अंग काढून घेतो. आजही कधीकधी वाटतं. पण मला जे काही नीट मांडता येतं, ते मी तुझ्या त्या फोल्डरांकडं बघून शिकले, हेही खरं. आमच्या पत्रकात आधी मागणी, शिव्या आणि सभेची वेळ एकाच परिच्छेदात असायची.

फोटोंची सीडी द्यायला मी पहिल्यांदा तुझ्या ऑफिसात आले. एका रांगेत मशीनं, प्रत्येकाच्या एडिटरचं रूप निराळं. तू मला सांगितलं होतंस की कोड लिहिणारा माणूस नव्या मशीनवर बसला की आधी हेच करतो: मागचा रंग, अक्षराची जाडी, टॅग, म्हणजे कोडातल्या कंसातल्या खुणा, कुठल्या रंगात दिसाव्यात. घर बदलल्यावर खाट कुठं टाकायची ते बघतात तसं. तुझ्या शेजारच्या सागरनं काळ्यावर पोपटी अक्षरं लावलेली. पलीकडच्या मुलीनं फिका गुलाबी ठेवलेला. आणि तुझा निळा. गडद, भरलेला निळा, त्यावर पांढरी अक्षरं, टॅग पिवळे. मी वाकून हळूच म्हटलं, “बरं केलंस. इथं बसून झेंडा लावलास.”

“झेंडा कसला? मी शिकलो तवा इन्स्टिट्यूटमधली जुनी मशीन असलीच निळी असायची. डोळ्याला बरं वाटतं.” हे तू माझ्याइतक्याच हळू बोललास. मग मान वर करून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालास, “डोळ्याला बरं वाटतं.”

दुसऱ्यांदा का म्हणालास? ते मी तुला कधी विचारलं नाही.

तुझं आडनाव म्हणजे गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं. त्यातून कुणाला काही पत्ता लागत नाही आणि ज्यांना तो लावायचाच असतो त्यांना चैन पडत नाही. ऑफिसचे मालक, म्हणजे तुमचे सर, तुला विचारायचे ते तू मला नक्कल करून दाखवायचास. “आजऱ्याचे म्हंजे आजऱ्यात कुठले?” “स्टँडच्या मागं, सर.” “स्टँडच्या मागं म्हंजे?” “म्हंजे पुढं न्हाय, सर.” आपण दोघं हसायचो. मी पेढीवाल्या जैन घरातली, मला आयुष्यात कुणी ‘म्हंजे कुठले’ विचारलं नाही, त्यामुळं मला ते नुसतं विनोदी वाटायचं. तुला काय वाटायचं ते तू नकलेत सांगत नव्हतास.

मग खंडेनवमी आली. तुमच्या ऑफिसात मशीनची पूजा असते: मॉनिटरला हळदीकुंकू, कीबोर्डवर झेंडू, पेढे. पूजेला सरांचे वडील येतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. मशीनं चालू ठेवायची, कारण बंद हत्याराची पूजा करत नाहीत असं आबांचं म्हणणं. सगळे पडदे उजळलेले, सगळ्यांचे एडिटर उघडे. आबा पोपटीपुढून गेले, गुलाबीपुढून गेले आणि निळ्यापुढं थांबले.

“ह्यो कुणाचा रं?”

“माझा, आबा.”

“असा का?”

“डोळ्याला बरं वाटतं.”

“व्हय?” आबा म्हणाले. एवढंच. त्यानंतर त्यांनी तुझ्या मॉनिटरला कुंकू लावलं की ताट तसंच पुढं नेलं, ह्यावर दोन साक्षी आहेत. तू मला सांगितलंस, लावलं. सागर म्हणतो, नाही लावलं. दोघांतला एकजण खोटं बोलतो आणि मला वाटतं तो तू आहेस.

दुसऱ्या दिवशी दसरा. तू गावी गेलास. तुमच्या विहारात त्या दिवशी वंदना असते, ती चुकवायची नाही असं आईचं बजावणं असायचं. परत येऊन मशीन चालू केलंस तर एडिटर पांढरा. काळी अक्षरं, कोरी पाटी. सर म्हणाले, “सगळीकडं एकसारखं दिसलं पायजे. क्लायंट येत्यात.” तू म्हणालास, “बरं, सर.” शेजारी सागरचा पोपटी तसाच. पलीकडचा गुलाबी तसाच.

हे तू मला अण्णांच्या कॅफेत सांगितलंस, तेही मी साइटवर पान वाढवायला आले म्हणून, जाता जाता. मी म्हटलं, परत निळा करायचा की. चार ठिकाणी क्लिक करायला काय लागतं?

“केला की. जेवाय गेलतो, तेवढ्यात परत पांढरा झालता.”

त्याच आठवड्यात साखर कारखान्याच्या साइटचं काम तुझ्याकडून काढून सागरला दिलं. त्याची सगळी मांडणी, फोल्डर, पट्ट्या, रंगांची फाइल, तू उभी केलेली. तुला म्हणाले, तू आता मजकूर टाईप कर. का, ते सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘निळ्या रंगाची भीती कुणाला?’ दुसऱ्या दिवशी ते तुझ्यापुढं धरलं. तू शांतपणे वाचलंस आणि विचारलंस, “पुरावा?”

“सागरचा पोपटी कुणी काढला नाही, हाच पुरावा.”

“त्यो संशय झाला.”

“मग जाऊन विचार सरांना, का काढला म्हणून.”

“मी इचारलं की ते म्हणणार, डोळ्याला बरं वाटतं म्हणून पांढरा केला. माझंच उत्तर मला देणार.”

मी म्हटलं, मग झेंडाच होता म्हणून सांग ना सरळ. तेव्हा तू भडकलास. तुला भडकलेला मी तेवढाच एकदा पाहिला. “तू हे छापलंस की मी कोड लिवणारा ऱ्हात न्हाय. मी तुझा पुरावा होतो. तुला साइट करायला माणूस पायजे व्हता का लोकांना दाखवायला?” मी म्हटलं, तुझ्यासारखे गप्प बसतात म्हणून ह्यांचं फावतं. तू म्हणालास, “आन तुझ्यासारख्या बोलून घरी जात्यात.” अण्णा गल्ल्यावरून ओरडले, “हितं भांडायचं असलं तर तासाचे पैसे वेगळे हायत.” तू माझं पत्रक घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलंस आणि पुन्हा कामाला लागलास. टेबल हलायचं थांबलं. भांडण तिथंच राहिलं.

त्यानंतर आपण बोलत होतो, पण कामापुरतं. काही महिन्यांनी तू ऑफिस सोडलंस आणि अण्णांकडं बसून स्वतःची छोटी कामं घ्यायला लागलास, एका काजूवाल्याची साइट, एका क्लासची. वसतिगृह जागेवर राहिलं. साइटमुळं राहिलं असं मी म्हणणार नाही, तू ते मला म्हणू दिलं नसतंस. पण जुन्या मुलींनी कुठून कुठून त्या साइटच्या गेस्टबुकात लिहिलं. एकीनं लिहिलं होतं, पान पटकन उघडलं, काही पळत नव्हतं, म्हणून शेवटपर्यंत वाचलं. ते मी तुला वाचून दाखवलं. तू ‘बरं’ म्हणालास आणि अण्णांना दोन चहा सांगितलेस. तो तुझा विजयोत्सव.

कावीळ तू अंगावर काढलीस. ती मी ऑफिसच्या माथी मारत नाही. मी संशयी आहे, खोटारडी नाही. दवाखान्यात गेलास तेव्हा उशीर झाला होता आणि मला कळलं तेव्हा त्याहून उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात अण्णांकडं गेले. तू करून दिलेल्या साइटच्या फाइली त्यांच्या मशीनवर असतील तर घ्याव्यात म्हणून. अण्णांनी स्वतः उठून मशीन चालू केलं. एडिटर उघडला, पांढरा. मी म्हटलं, ह्याचा रंग कुणी बदलला?

“कोन बदलतंय, अक्का? त्यो हितं पांढऱ्यावरच लिवायचा की.”

“कायम?”

“कायम. मशीन जसं चालू व्हईल तसं.”

“निळा कधीच नाही केला?”

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या कॅफेत नवीनच आलेय. “कशाला करंल? हितं कोन बघतंय?”

मी तुझ्या शेजारी कितीतरी संध्याकाळी बसले होते. पडद्यावर मला माझ्या मागण्या दिसायच्या, त्यामागचा रंग कधी दिसला नाही. म्हणजे डोळ्यांचं कारण खरं नव्हतं? इथं त्याच डोळ्यांनी तू पांढऱ्यावर काम करत होतास आणि तुझं काही दुखत नव्हतं. म्हणजे तिकडं त्या खोलीत तो झेंडाच होता, आणि तू मला खोटं सांगितलंस, कारण खरं सांगितलं असतंस तर मी संध्याकाळी छापून आणलं असतं. की अण्णांचं मशीन दहा जणांचं, दुसऱ्याच्या मशीनवर आपली खूण ठेवून उठायचं नाही, एवढाच तुझा संकोच? मला दोन्ही पटतं आणि मला दोन्हीचा संशय येतो. कधी वाटतं, तुलाही नीट माहीत नव्हतं. आवडीचा रंग आणि झेंड्याचा रंग एकच असेल तर माणसानं कुठली रेघ मारून ते वेगळं करायचं? सागरला कधी कुणी अशी रेघ मारायला सांगितली नाही. पोपटी आवडला, पोपटी लावला, संपलं.

सागरला मी टपरीवर गाठलं. फ्लेक्सपासूनच सुरू केलं.

“कुणी केला?”

“मी.”

“निळा ठेवायला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाय. सरांनी पांढरा सांगितलता.”

“मग सर काय म्हणाले?”

“काय न्हाय. वर बघितलं, आन गाडी काढून गेले.”

त्याला शाबासकी द्यावी की कानाखाली, ते ठरेना. मग विचारलं, “आणि तेव्हा त्याचा एडिटर पांढरा कुणी केला?”

सागरनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “मीच की. दोन्ही बारीला. सर म्हणाले कर, केला. सेटिंग मला ठावं व्हती, त्यानंच शिकवलेली.”

“तुझा पोपटी का ठेवला, हे नाही विचारलंस?”

“न्हाय.”

“का करायचा, ते तरी?”

“त्यात इचारायचं काय? सगळ्यांना ठावं व्हतं की.”

“काय ठाऊक होतं?”

तो माझ्याकडं बघत राहिला. उत्तर त्याच्या तोंडात होतं, मला दिसत होतं. म्हणाला, “जाऊ दे, ताई. गेलेल्या मानसाचं कशाला,” आणि गेला. ग्लास अर्धा तसाच.

संदीप, मला दोन वर्षं वाटत होतं की आपल्याला पुरावा सापडत नाही. पुरावा त्या खोलीत प्रत्येकाकडं होता. सरांना ठाऊक, आबांना ठाऊक, सागरला ठाऊक, तुला ठाऊक. फक्त कुणी ते तोंडानं बोलायचं नाही, एवढा एकच नियम होता आणि तो सगळ्यांनी पाळला. कुणी बोललं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं, भांडता आलं असतं, चूक म्हणून कबूल करून घेता आलं असतं. न बोललेल्या कारणाशी कुणी कसं भांडायचं? म्हणून तू विचारत नव्हतास, हे मला आता कळतंय. तुझी गप्प राहण्याची रीत मला पटत नाही, आजही नाही. पण तिला मी भित्रेपणा म्हटलं होतं, ते मनातून काढून टाकलंय.

हे छापायचं की नाही, ह्यासाठी मी आजऱ्याला तुझ्या आईकडं गेले. तू नको म्हणाला होतास आणि तुझं नको अजून नकोच आहे, मग परवानगी कुणाची घ्यायची? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटरच्या रंगाचं त्यांना तू कधी सांगितलंच नव्हतंस. बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “छाप. पर माझ्या पोराला बिचारा म्हनू नगं. आन त्याच्या कामाचं बी लिव, न्हायतर नुसतं जातीचं लिवशील.” म्हणून तुझे फोल्डर लिहिले, पट्ट्या लिहिल्या, रंगांची फाइल लिहिली. ऑफिसचं नाव मात्र घातलं नाही. एका ऑफिसचं नाव घातलं की बाकीची सगळी ऑफिसं सुटतात.

आता वाचणाऱ्यांशी. तुम्ही ऑफिसात असाल, दुकानात असाल, शाळेत असाल. तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाचं काहीतरी काढायला, बदलायला, पुसायला कुणीतरी तुम्हालाच सांगेल, कारण सेटिंग तुम्हाला ठाऊक असेल. सांगणारा कारण सांगणार नाही आणि तुम्हाला ते ठाऊक असेल. त्या वेळी हात बाजूला घ्या आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा: का? त्यानं तोंडानं कारण सांगेपर्यंत ते काम करू नका.